तीच कॅप्सूल, तीच मात्रा

१९६८-६९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात अपस्माराचे रुग्ण झोकांड्या खात डॉक्टरांकडे येऊ लागले. बोलणे जड, बुबुळे थरथरणारी, एकाच्या जागी दोन वस्तू दिसणारी. ही लक्षणे फेनिटॉइन जास्त झाल्याची. पण हे रुग्ण तर पूर्वीइतक्याच कॅप्सूल घेत होते. शोध घेता कळले की औषध तेच होते. बदलली होती ती कॅप्सूलमधली भर. उत्पादकाने कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, वापरायला सुरुवात केली होती.

फेनिटॉइन पाण्यात जेमतेम विरघळते. जुन्या भरीमुळे त्यातले काही शोषले न जाताच शरीराबाहेर पडत असे. लॅक्टोजमुळे जास्त औषध रक्तात पोचू लागले. तरी एवढ्याने इतका घोळ का व्हावा? कारण यकृतात आहे.

बहुतेक औषधांचे असे असते, की रक्तात जितके जास्त, तितके झपाट्याने त्यांचे विघटन होते. फेनिटॉइनचे मात्र वेगळे. त्याचे विघटन करणारी यकृतातली विकरे उपचाराच्या नेहमीच्या पातळीलाच जवळपास पूर्ण क्षमतेने राबत असतात. गावातली पिठाची गिरणी आठवा. तासाला दळायचे तेवढेच दळते; रोज एक पायली दळण जादा येऊ लागले, की डबे साठत जातात. मूत्रपिंडाचीही मदत नाही, कारण मूळ रूपात लघवीवाटे जाणारे औषध ५ टक्क्यांहून कमी. म्हणूनच रोज ३०० मिलिग्रॅमवर ठणठणीत असलेला माणूस ४०० मिलिग्रॅमवर अडखळू शकतो. आणि तेही लगेच नव्हे, काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी, त्यामुळे संशय भलतीकडेच जातो.

रक्तचाचणीत १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही योग्य पातळी मानतात. पण त्यातले सुमारे ९० टक्के औषध अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते. काम करते ते उरलेले मोकळे. कुपोषित किंवा यकृत बिघडलेल्या रुग्णात अल्ब्युमिन कमी असते, मोकळ्या औषधाचा वाटा वाढतो, आणि कागदावर पातळी व्यवस्थित असूनही रुग्ण झोकांड्या खातो. आपल्याकडच्या डॉक्टरांना हे विसरून चालत नाही.

‘ती कंपनी नाही, ही घ्या, औषध तेच,’ असे केमिस्ट म्हणतो, तेव्हा बहुतेक गोळ्यांच्या बाबतीत बिघडत नाही. फेनिटॉइन घेणाऱ्याने मात्र हा बदल डॉक्टरांच्या कानावर घालावा. तोल जाऊ लागला तर लगेच दाखवावे. आपल्या मनाने गोळी एकदम बंद केली, तर फेफरे उलटून येते.