वीज गेली म्हणून वाचलेली प्रत

२७ जून २०१७ रोजी मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक एकामागून एक बंद पडले आणि न्हावा शेवाच्या बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही ठप्प झालं. हल्ल्याचा रोख युक्रेनवर होता. तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा व्हायरस सुटला आणि वाट मिळेल तिकडे पसरला. ‘आमच्या छोट्या धंद्याच्या वाटेला कोण जातंय?’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं; व्हायरस दुकानावरची पाटी वाचून आत शिरत नाही.

मर्स्ककडे प्रती नव्हत्या असं नाही. कुणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते आणि एक बंद पडला तर दुसरा उपयोगी पडावा म्हणून ते सतत एकमेकांशी जुळवून घेत. पण ते जोडलेले होते, म्हणून सगळेच पुसले गेले. वाचला तो घानामधला एकच. हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती! त्याच्यावरची माहिती माणसाहाती इंग्लंडला न्यावी लागली. आपल्याकडच्या कारखान्यात टॅलीचा बॅकअप ज्या हार्ड डिस्कवर असतो, ती बहुधा वर्षभर त्याच संगणकाला लावलेली असते, वर धूळ साचलेली. खंडणीचा व्हायरस टॅलीबरोबर तीही कुलूपबंद करतो. म्हणून बॅकअप झाला की तार काढायची आणि डिस्क कपाटात ठेवायची. ‘आमचं सगळं क्लाउडवर आहे’ हेही पुरेसं उत्तर नाही. नुसतं सिंक असेल तर बिघडलेली फाइलही इमानेइतबारे वर जाते. जुन्या प्रती परत मिळतात का, हे आधीच पाहून ठेवावं.

व्हायरस अपडेटमधूनच आला, मग अपडेट करायचं कशाला? शंका रास्त आहे. पण पुढे तो पसरला तो विंडोजमधल्या एका भोकातून, आणि ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच निघालं होतं. अपडेट केलेले संगणकही त्याने घेतले, कारण एका संगणकात सापडलेला अ‍ॅडमिनचा पासवर्ड दुसरीकडेही चालत होता. तेव्हा अपडेट करावंच, शिवाय रोजची बिलं अ‍ॅडमिनच्या लॉगिनवरून करू नयेत. यात खर्च काहीच नाही, सवय मात्र मोडावी लागते. आणि महिन्यातून एकदा कपाटातली डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून मागच्या आठवड्याचं शेवटचं बिल उघडतं का, ते बघावं.