अकलूजची वाइन, नागपूरचा पारा

रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या जुन्या काळच्या 16-18 अंशांच्या खोल्यांसाठी होता. मे महिन्यात नागपुरात बाहेर 45 आणि कूलर लावूनही घरात तिशीपार असताना तो पाळला, तर फळाच्या वासाआधी नाकात शिरतं ते अल्कोहोल. उष्णतेनं त्याची वाफ भराभर होते, एवढंच त्यामागचं कारण.

अकलूज म्हटलं की ऊस आणि लावणी स्पर्धा आठवतात. पण फ्रातेल्ली या वाइन कंपनीची ‘सेत्ते’ ही रेड वाइनही तिथलीच. सँजोव्हेसे आणि कॅबर्ने सॉव्हिन्यों या दोन द्राक्षांचं हे मिश्रण इटालियन वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली घडलं. उष्ण हवेत पिकताना द्राक्षाचा मणी श्वसनात स्वतःतलं मॅलिक आम्ल जाळतो आणि वाइन मिळमिळीत होण्याचा धोका असतो. म्हणून आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि तोडणी थंडीच्या शेवटाकडे. सँजोव्हेसे मुळातच आंबटसर, त्यामुळे तिची इथे मदतच होते. कॅबर्नेचे मणी बारीक, साल जाड. रंग आणि टॅनिन ती पुरवते.

टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांच्या सूक्ष्म गुठळ्या करतं. तोंडातलं वंगण जातं आणि जीभ सुपारी चघळल्यासारखी खरखरते. म्हणजे तुरटपणा हा चवीपेक्षा स्पर्शाचाच अनुभव. मटणातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात, म्हणून ही जोडी जमते.

मग नागपूरचं सावजी मटण? इथे मात्र माझा विरोध आहे. मिरचीतलं कॅप्सेसिन चेतातंतूंवरचे जे ‘टीआरपीव्ही 1’ ग्राहक चेतवतं, तेच ग्राहक एरवी साधारण 42 अंशांना ‘भाजलं’ असा संदेश देतात. 2002 मध्ये ‘नेचर न्यूरोसायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अल्कोहोलनं ही मर्यादा 34 अंशांपर्यंत खाली आणल्याचं दिसलं. तोंडाचं तापमानच 37 च्या आसपास! तर्रीवर वाइनचा घोट घेतला की आग विझत नाही, उलट भडकते. आणि त्या आगीत अकलूजच्या द्राक्षाचा काहीच थांग लागत नाही. सावजीसोबत ताकच बरं, त्यातलं केसिन कॅप्सेसिनला धरून ठेवतं.

वाइनला साधं भाजलेलं, कमी तिखट मटण द्यावं. बाटली आधी दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी. रात्रभर मात्र नको, कारण फार गार रेड वाइनमध्ये सुगंध दबतो आणि तुरटपणा तेवढा पुढे येतो.