अंगणासाठी भेट: बॅटरीवरचा ब्लोअर निवडताना

बारामतीहून इंदापूरकडे जाताना नीरा डाव्या कालव्याच्या भिजवणीत वसलेल्या अंथुर्णे आणि आसपासच्या गावांत शिशिर सरत आला, उन्हाचा ताप चढू लागला, की लिंब, पिंपळ, उंबर यांची पाने झडू लागतात. आणि ज्या घराच्या दारात वाडवडिलांच्या हातचा एखादा जुना लिंब उभा आहे, त्या घराचे अंगण भल्या पहाटे झाडून लख्ख केले तरी दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पिवळ्या पानांनी भरून जाते. पूर्वी हे अंगण शेणाने सारवलेले असे. उसाने आणि भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याच्या बिलांनी घरांची कळा पालटली, अंगणात कोबा आला, पेव्हिंग ब्लॉक आले, ट्रॅक्टरसाठी पत्र्याची शेड उभी राहिली; खराटा मात्र तोच राहिला, आणि तो धरून कंबरेत वाकणारी व्यक्तीही बहुतेक घरांत तीच राहिली, घरातली आई किंवा थोरली सून.

पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरीस असलेली मुले-मुली सणासुदीला गावी येताना आता साडी-धोतरासोबत एखादे उपयोगाचे हत्यार आणू लागली आहेत, आणि बॅटरीवर चालणारा, पाला उडवून एका कडेला लोटणारा ब्लोअर हे त्यांपैकीच एक. ही भेट योग्य निवडली तर रोजचे कष्ट खरोखर हलके करते, अयोग्य निवडली तर माळ्यावर धूळ खाते. आणि योग्यायोग्यतेचा निवाडा यंत्राच्या किमतीवरून होत नाही, तर त्या घरात झाडलोट कोण करते आणि कशावर करते, यावरून होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. वडिलांच्या नावाने आणलेले यंत्र वडिलांच्या हाताला मानवले, पण खराटा ज्या आईच्या हाती असतो तिला ते उचलवतच नसेल, तर ती भेट घरात येऊनही कामाच्या माणसापर्यंत पोहोचली नाही.

म्हणून प्रथम वजन पाहावे, आणि तेही बॅटरी बसवलेल्या अवस्थेत. पेटीवर पुष्कळदा नुसत्या यंत्राचे वजन छापलेले असते; बॅटरी चढली की त्यात अर्धा-पाऊण किलो सहज वाढतो. दुकानात यंत्र हातात घ्यावे, बॅटरी खाचेत सरकवून 'खट्' असा आवाज होईतो दाबावी, आणि हात किंचित पुढे करून दोन मिनिटे तसेच उभे राहावे. मनगट दुखू लागले, तर साठीच्या बाईचे काय होईल याचा अंदाज तेथेच येतो. त्यानंतर नळीची लांबी. बांधकामावरची धूळ झटकण्यासाठी केलेले आखूड तोंडाचे छोटे ब्लोअर स्वस्त आणि हलके असतात खरे. परंतु त्यांचे तोंड जमिनीपाशी न्यावयाचे तर पुन्हा वाकावे लागते, आणि ज्या वाकण्यातून सुटका व्हावी म्हणून खटाटोप केला ते वाकणे कायमच राहते. ताठ उभे राहून नळीचे टोक जमिनीपासून वीतभर अंतरावर यावे, इतकी लांबी घेणाऱ्याच्या उंचीला धरून तपासावी.

अंगण मातीचे असेल तर मात्र ही भेट देऊ नये, असे मी नि:संकोच सांगेन. वाऱ्याच्या झोताने पाल्याआधी माती उठते, ती ओसरीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि श्वासात जाते. तेथे पाणी शिंपडून खराटा फिरवणेच रास्त. कोबा, फरशी, पेव्हिंग ब्लॉक, गच्ची, देवळाचा सभामंडप, शाळेचा व्हरांडा ही या यंत्राची खरी कार्यक्षेत्रे होत.

आता यंत्राच्या अंतरंगाकडे वळू. ब्लोअरची ताकद दोन अंकांनी सांगितली जाते: मिनिटाला किती हवा फेकली जाते तो एक, आणि ती किती वेगाने बाहेर पडते तो दुसरा. पहिला घनमीटरात किंवा घनफुटात देतात; शंभर घनफूट म्हणजे सुमारे २.८ घनमीटर, हे ध्यानी ठेवले की दोन कंपन्यांच्या तपशिलांची तुलना करता येते. वेग वाढवणे सोपे आहे, नळीचे तोंड अरुंद केले की झाले. त्यामुळे केवळ वेगाचा मोठा आकडा पाहून भुलू नये. चिकटलेले, ओले पान सुटे करण्यास वेग लागतो, आणि सुटा झालेला पाला ढिगाने पुढे सरकवण्यास हवेचे आकारमान लागते. मिनिटाला दोन-तीन घनमीटर हवा देणारे छोटे यंत्र लिंबाच्या हलक्या पर्णिकांना पुरते. पण दारात आंबा, वड किंवा साग असेल, त्यांची जाड, रुंद पाने हलवावयाची असतील, तर दहा घनमीटरांच्या आसपासचे यंत्र हवे. चाप कमी-अधिक दाबून झोत कमी-अधिक करता येतो की नाही, हेही पाहावे, कारण कुंड्यांच्या रांगेपाशी पूर्ण जोर लावून चालत नाही.

बॅटरीचा हिशेब याहून महत्त्वाचा, कारण किमतीचा मोठा वाटा तिचाच असतो. लिथियम-आयनच्या पाच सेलांची मालिका म्हणजे सुमारे १८ व्होल्ट. पूर्ण भारित असताना तीच २० ते २१ व्होल्ट दाखवते, म्हणून १८ आणि २० असे लिहिलेल्या दोन बॅटऱ्या पुष्कळदा एकाच ताकदीच्या असतात. काही स्वस्त यंत्रांच्या पेटीवर ४८ किंवा ८८ असले भरघोस आकडे छापलेले आढळतात आणि आत त्याच पाच सेलांचा संच निघतो. तेव्हा व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार विचारावा. १८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास. यंत्र ३६० वॅट ओढत असेल तर पूर्ण जोरावर ते बारा मिनिटे चालेल, त्याहून अधिक नाही. साध्या घराच्या अंगणाला बारा मिनिटे पुरतात. गोठा, शेड आणि वस्तीपर्यंतचा काँक्रीटचा रस्ता असा पसारा असेल, तर दुसरी बॅटरी भेटीतच द्यावी.

येथेच भेट देणाऱ्यांची एक फसगत नेहमी होते. कमी किमतीचे दिसणारे यंत्र 'बॅटरी व चार्जर वगळून' विकले जात असते, तो मजकूर बारीक अक्षरांत असतो, आणि दिवाळीच्या दिवशी पेटी उघडल्यावर आत केवळ यंत्र निघते. याच व्यवस्थेचा लाभही घेता येतो: घरात आधीच एखाद्या कंपनीचे बॅटरीवरचे ड्रिल असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच बॅटरीवर चालणारा ब्लोअर निव्वळ यंत्राच्या किमतीत मिळतो. तेव्हा खरेदीपूर्वी घरच्या हत्यारांची चौकशी फोनवरून करून घ्यावी. त्याचबरोबर दुरुस्तीचे केंद्र बारामतीत आहे की थेट पुण्यास जावे लागणार, हेही विचारून घ्यावे. स्थानिक दुकानात विचारताना 'पाला उडवण्याचा' असे आवर्जून सांगावे. या द्राक्ष-डाळिंबाच्या मुलखात नुसते 'ब्लोअर' म्हटले तर ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचाच विषय निघतो.

वस्तीवर राहणाऱ्यांची वीज वेळी-अवेळी जाते, म्हणून रात्री चार्जर लावून सकाळी काम, हा क्रम सोयीचा. बॅटरी पत्र्याच्या शेडमध्ये कधीही ठेवू नये. वैशाखात तेथील उष्णता लिथियमला मारक ठरते, आणि तापलेली बॅटरी चांगला चार्जर निवेपर्यंत भारित करीतच नाही. बरेच महिने वापर नसेल तर ती अर्धी भरून घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी. यंत्रासोबत डोळ्यांचा चष्मा आणि नाकावरची पट्टी द्यावी, आणि चुलीच्या राखेवर झोत मारू नये, हे बजावून सांगावे, कारण राखेखालचा निखारा उडून कडब्याच्या गंजीत पडू शकतो.

डाळिंबाच्या बागेत याचा उपयोग करण्याचा मोह काहींना होतो. तेल्या रोग असलेल्या बागेत गळलेली पाने व फळे वेचून नष्ट करावयाची असतात. ती झोताने बागभर उधळणे म्हणजे रोगाला आपल्या हाताने वाट देणे होय. याउलट ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या जाळीतला भुसा काढण्यास किंवा मळणी यंत्र झटकण्यास हे यंत्र उत्तम.

आषाढात तुकोबारायांची पालखी सणसरहून निघून, बेलवाडीचे रिंगण करून अंथुर्णे येथे मुक्कामाला येते, आणि पालखी निमगाव केतकीकडे निघाली की मागे स्वच्छतेचे मोठे काम उरते. त्यासाठी गावाला ब्लोअर भेट देण्याची कल्पना कोणास सुचली तर तिच्यामागची भावना आदरणीयच. तथापि पावसाने भिजलेल्या पत्रावळी आणि चिखल यांपुढे हे यंत्र निरुपयोगी आहे, आणि पावसात ते वापरणेही योग्य नाही. तेथे हातमोजे, दणकट खराटे आणि ट्रॉलीचे भाडे देणे अधिक उपकारक.

पेट्रोलवरचा ब्लोअर स्वस्त पडेल, असे दुकानदार सुचवील. दोन-स्ट्रोक इंजिनाचा धूर आणि कर्कश आवाज यांमुळे अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टनने २०२२ च्या आरंभापासून त्यांचा वापर बंद केला, आणि कॅलिफोर्नियाने २०२१ च्या कायद्यान्वये २०२४ पासून अशा नव्या यंत्रांच्या विक्रीस मनाई केली. पेट्रोल-ऑइलचे मिश्रण करा, दोरी ओढा, हा व्याप घरच्या बाईच्या माथी मारण्याचे कारणही नाही.

गोळा झालेला पाला पेटवू नये. परसात हातभर खोल खड्डा करून त्यात शेणकाल्यासह कुजवला की परसबागेचे खत होते, आणि ऊस पिकवून थकलेल्या जमिनीस सेंद्रिय पदार्थाची किती निकड आहे, हे येथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. बॅटरी निकामी झाली की ती उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत करावी. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे.

राहिला मुहूर्त. दिवाळीत दिलेले यंत्र पानगळ येईपर्यंत तीन-चार महिने पडून राहते आणि हमीची मुदत तेवढी वाया जाते. त्यापेक्षा संक्रांत बरी: बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात 'कृषिक' हे प्रदर्शन साधारणतः जानेवारीतच भरते, तेथे आईला सोबत न्यावे, चार अवजारे तिला स्वतः हाताळू द्यावीत, आणि जे यंत्र तिला पेलेल त्याचे बिल व हमीपत्र तिच्याच नावाने करून घ्यावे.