महिनाभरात कादंबरी : पूर्वतयारीचा विचार

एका महिन्यात कादंबरी लिहून होते काय, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर 'होते' असेच आहे. मात्र तो महिना कोणता, तो कोणाच्या पदरचा, आणि त्याच्या आधीचे अकरा महिने कसे गेले, हे पाहिल्यावाचून त्या 'होते'ला फारशी किंमत नाही. अशा महिनाभराच्या लेखनाची टूम अलीकडे तरुण मंडळींत निघाली आहे. गुंजवण्याच्या सहा-सात मुलामुलींनीही ती मनावर घेतली. मार्गासनीवरून साखरमार्गे आत गेले की राजगडाच्या पायथ्याशी हे गाव लागते. या मंडळींत दोघे महामार्गावरच्या कारखान्यात पाळीवर जातात, एकीच्या घरी गडावर येणाऱ्यांसाठी जेवणाची सोय आहे, बाकीचे शेती आणि शिक्षण यांच्या मधल्या वाटेवर आहेत. आम्ही कादंबरीकार नव्हे. आमचे आयुष्य कामगारांच्या सभा घेण्यात आणि मागणीपत्रे लिहिण्यात गेले. परंतु तासांचा हिशेब हा आमचा धंदाच असल्यामुळे या मुलांनी आम्हांस बोलाविले, आणि त्या निमित्ताने जो विचार झाला तो येथे मांडीत आहो.

ही टूम अमेरिकेतली. १९९९ च्या जुलै महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी या तरुणाने व त्याच्या मित्रांनी, अवघ्या एकवीस जणांनी, महिन्यात प्रत्येकी एक कादंबरी लिहावयाची असे ठरविले. पन्नास हजार शब्द ही मर्यादा. न्यायाधीश नाही, बक्षीस नाही. ज्याचे शब्द भरले तो जिंकला. दुसऱ्या वर्षी त्यांनी हा उद्योग नोव्हेंबरात नेला, कारण त्या महिन्यात तिकडची हवा वाईट असते आणि माणसे घरात बसतात. पुढे जगभर लाखो लोक यात सामील झाले. ती चालविणाऱ्या संस्थेने २०२५ च्या मार्चअखेर आपले काम बंद करीत असल्याचे जाहीर केले. पण ज्या खेळाला फक्त वही आणि पंचांग लागते तो संस्थेवाचूनही चालू शकतो.

आता हिशेब करू. पन्नास हजार शब्द भागिले तीस दिवस, म्हणजे रोजचे सुमारे १,६६७ शब्द. हाताने लिहिणाऱ्याच्या फुलस्केपच्या एका पानावर दोनशे चाळीस शब्द धरले तर रोज सात पाने झाली. खाडाखोड धरून तासाला दोन पाने लिहिणारा गडी चांगलाच म्हणावयाचा. तेव्हा रोजचे साडेतीन तास, महिन्याचे एकशे पाच. आठ तासांची पाळी धरली तर तेरा पाळ्या जादा, आणि त्याही ओव्हरटाइमवाचून! यात एक सवलत मात्र मराठी माणसाने हक्काने घ्यावी. आपली भाषा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटवून लिहिते. 'गडावरून' हा आपला एक शब्द. इंग्रजीला तेथे तीन शब्द मोडावे लागतात. म्हणून त्यांचे पन्नास हजार ते आपले पन्नास हजार नव्हेत. चाळीस हजारांवर आपण थांबलो तर कोणी नाक मुरडण्याचे कारण नाही. तरीही रोजचे पावणेतीन तास उरतातच, आणि ते कोठून आणावयाचे हाच खरा प्रश्न आहे.

ज्यांनी झपाट्याने लिहिले त्यांनी ते कोठून आणले? साने गुरुजींचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. 'श्यामची आई' या पुस्तकाचा बहुतेक मजकूर त्यांनी नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिला. पाच दिवस! परंतु त्या आईच्या आठवणी ते बरोबरच्या राजबंद्यांना आधीपासून सांगत होते, आणि त्या मनात तर बालपणापासून होत्या. कागदावर उतरणे तेवढे पाच दिवसांचे. शिवाय तुरुंगात स्वातंत्र्य नसते, पण बाजार, दळण, पाहुणे आणि मुलांची फी हेही नसते, ही गोष्ट विसरू नये.

रशियाच्या दस्तयेव्हस्कीचे प्रकरण आमच्या अधिक ओळखीचे, कारण त्यात मालक आहे आणि करार आहे. कर्जाने गांजलेल्या या लेखकाने १८६५ साली स्तेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी करार केला. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षे त्याचे सर्व लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकाकडे जावयाचा. असा करार पाहिला की सही करणाऱ्याची नड किती मोठी असेल हे आम्हांस न सांगता कळते. ऑक्टोबर उजाडला तरी कादंबरीचे एक पानही झाले नव्हते, कारण 'गुन्हा आणि शिक्षा' ही दुसरी कादंबरी मासिकातून चालू होती. अखेर त्याने अॅना स्नित्किना या वीस वर्षांच्या लघुलेखिकेला बोलाविले आणि सव्वीस दिवसांत 'जुगारी' ही कादंबरी तिला सांगितली. तो तोंडाने सांगे, ती टिपून घेई आणि घरी जाऊन रात्री स्वच्छ प्रत करी. मुदतीच्या दिवशी प्रकाशक जागेवर सापडेना. तेव्हा हस्तलिखित पोलीस कचेरीत दाखल करून पावती घ्यावी लागली. पावती घेण्याची ही अक्कल प्रत्येक कामगाराने उचलावी! पण मुद्दा असा की जुगाराच्या टेबलावर या माणसाने स्वतः वर्षानुवर्षे पैसे घालविले होते. कादंबरीचा माल त्याच्या घरी भरलेला होता. सव्वीस दिवस लागले ते तो बाहेर काढावयाला. आणि त्या सव्वीस दिवसांत रात्रीची मेहनत एका मुलीचीही होती. महिन्याभरात लिहिलेल्या पुष्कळ पुस्तकांमागे असे दुसरे कोणीतरी जागलेले असते.

आपल्याकडे भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ साली 'कोसला' काही आठवड्यांतच लिहिली, आणि त्याच वर्षी ती छापून निघाली. तिच्या मागेही खेड्यातून पुण्याला शिकावयास आलेल्या मुलाची काही वर्षे आहेतच. उलट बाजूने हरिभाऊ आपटे पाहावेत. 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी 'करमणूक' या आपल्या साप्ताहिकातून क्रमशः दिली. तेथे महिन्याची धाव नव्हती, आठवड्याचा हप्ता होता. ज्याला सलग महिना मिळण्यासारखा नाही त्याने हरिभाऊंची रीत धरावी.

अण्णा भाऊ साठे यांचे नाव आम्ही मुद्दाम शेवटी घेत आहो. वाटेगावाहून बापाबरोबर पायी मुंबई गाठलेला, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेला हा माणूस गिरणीत राबला, लाल बावट्याच्या कलापथकात गायला, आणि घाटकोपरच्या चिरागनगरात राहून त्याने तिसांहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. १९५९ साली आलेल्या 'फकिरा'ला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फकिराची हकीकत अण्णा भाऊंनी कोणत्या ग्रंथालयातून आणली नव्हती. लहानपणापासून आपल्या माणसांच्या तोंडून ऐकली होती. कामाच्या माणसाला लेखन जमत नाही असे म्हणणाऱ्यांना एवढे एक नाव पुरे. पण त्या माणसाने केवढी ओढग्रस्त सोसली हेही त्याच दमात सांगितले पाहिजे, नाही तर उदाहरणाचा आपण दुरुपयोग करतो.

गुंजवण्याच्या मुलांजवळ तुरुंग नाही आणि अंगावर आलेला प्रकाशकही नाही. त्यांना वेळ ठरवून, मागून, वाटाघाटी करून मिळवावा लागणार. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांची संघटना बांधून १८९० साली मुंबईच्या मालकांकडून रविवारची सुटी मिळविली. हेच लोखंडे 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. लिहिण्यासाठी रिकामा दिवस लागतो हे त्यांना लिहूनच कळले असावे, असे आम्हांस वाटते. पण गंमत अशी की तो रविवार गुंजवण्याला सुटीचा नाही. शनिवार-रविवारी चोरदरवाजाच्या वाटेने गड चढणाऱ्यांची रीघ लागते, आणि पायथ्याच्या घरातल्या बाईला पहाटेपासून भाकऱ्या थापाव्या लागतात. शहराची सुटी तीच खेड्याची पाळी.

तेव्हा पहिली तयारी महिना निवडण्याची. अमेरिकेचा नोव्हेंबर येथे उपयोगाचा नाही. त्या सुमारास भात कापणीला आलेले असते, मग झोडणी, मग पेंढा रचणे. घरातले लेकरूही रिकामे नसते. आषाढात आवणी. फाल्गुन-चैत्रात राब भाजणे, आणि मागोमाग लग्ने व जत्रा. सगळे पंचांग चाळल्यावर आम्ही पौषावर बोट ठेवले. भात घरात आलेले असते, रात्र मोठी असते, आणि मुख्य म्हणजे पौषात लग्ने नसतात. ज्या महिन्याला लोक शुभकार्यासाठी टाळतात तो लेखकाने उचलावा. शनिवार-रविवार वगळले तर बावीस दिवस हाती राहतात. रोज चार पाने लिहिली तरी एकवीस हजार शब्द होतात. ती अर्धी कादंबरी झाली, किंवा एक पुरती दीर्घकथा. उरलेले माघात.

दुसरी तयारी घरातली. आम्ही मुलांना सांगितले की घरच्यांपुढे रीतसर मागणीपत्र ठेवा: कोणते दोन तास, कोणत्या कोपऱ्यात, आणि त्या वेळात आपले कोणते काम कोण करील. मागणीच्या बदल्यात आपण काय देणार तेही लिहा. मुलग्यांना हे सोपे गेले, कारण त्यांचे तास घरात कोणी मोजतच नव्हते. मुलींचे मोजलेले होते. जिच्या घरी जेवणाची सोय आहे तिने साफ सांगितले की माझे दोन तास म्हणजे आईचे दोन तास जादा. यावर आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. पुष्कळ बोलून असे ठरले की तिच्या भावाने पहाटेचे पाणी आणि भांडी पाहावी. भावाने मान हलविली. मान हलविणे आणि करार पाळणे यांत अंतर असते हे आम्ही जाणतो, म्हणून तारखा भिंतीवर लिहून घेतल्या.

तिसरी तयारी मजकुराची, आणि तिला राबाची उपमा या मुलांनीच दिली. भाताचे रोप टाकण्याआधी शेणी, पालापाचोळा, गवत पसरून ती जमीन भाजतात. पाऊस नंतर येतो. तसे आधीचे महिने टिपणांचे. एका वहीत माणसे: नाव, नाते, काय खातो, कोणाचे देणे लागतो. दुसरीत बोलणे, जसे ऐकले तसे. भाजणीच्या दिवसांत बायका काय बोलतात, मुंबईला ओझी वाहून परतलेला म्हातारा पगाराचा आकडा कसा सांगतो, धरणाच्या बैठकीत कोण उठला आणि कोण गप्प राहिला. मोबाईलवर बोटाने टिपले तरी चालेल, पण रात्री वहीत उतरवावे, यंत्र हरवते. मग गावाचा कच्चा नकाशा काढावा आणि शेवटी बावीस दिवसांचे बावीस प्रसंग, एकेका ओळीत. एवढे हाती असले की कोऱ्या पानाची भीती पुष्कळ कमी होते.

विषयाबद्दल आमचे एक मत आम्ही लपविले नाही. राजगडाच्या सावलीत वाढलेला मुलगा लेखणी धरतो तो महाराजांवरच लिहावयास बसतो. त्यात गैर काही नाही. पण गो. नी. दांडेकरांनी राजगडाच्या पार्श्वभूमीवर 'वाघरू' लिहिली तीही बखर म्हणून नव्हे, आणि तो गड त्यांनी वर्षानुवर्षे पायांनी वाचला होता. गडाखालच्या गावातून पहाटेच्या पाळीला निघणाऱ्या पोराची कादंबरी मात्र त्या पोरालाच लिहावी लागेल. त्याच्यासाठी ती कोणी पुण्याहून येऊन लिहिणार नाही.

महिना सुरू झाल्यावर नियम थोडे. मागचे पान वाचून दुरुस्त करीत बसू नये. अडले तर पुढचा प्रसंग घ्यावा. वाक्य अर्धे ठेवून उठावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी सुरुवात शोधावी लागत नाही. आठवड्यातून एकदा सर्वांनी जमून पानांची संख्या सांगावी, पाने वाचू नयेत; अर्ध्यावर टीका झाली की माणूस लिहिणे सोडतो. पाळी बदलली तर तास बदलावेत, दिवस मोडू नये. सलग दोन दिवस चुकले तर मागची भरपाई करण्याच्या नादी न लागता त्या दिवसाची चार पाने लिहावीत.

महिनाअखेर जे होईल त्याला कादंबरी म्हणू नये, खर्डा म्हणावे. तो महिना-दीड महिना पेटीत ठेवावा, आणि मग एका अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा जो पुस्तके वाचीत नाही. जेथे तो जांभई देईल तेथे खूण करावी. दुरुस्तीला लिहिण्याच्या तिप्पट वेळ धरावा. छापण्याचा विचार त्याच्याही पुढे. आणि कोणी कोरा करार पुढे केलाच, तर सही करण्यापूर्वी तो आम्हांस दाखवावा.

मुलांच्या वह्या भरू लागल्या आहेत. कारखान्यातल्या दोघांनी पौषात रात्रपाळी येऊ नये म्हणून अदलाबदलीचे बोलणे लावले आहे. रविवारचे काय करावयाचे, हे मात्र अजून ठरलेले नाही.