रापणीचे बळ आणि मैदानाचे बळ

मालवण परिसरातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो. आमच्या कबड्डी संघात एका वर्षी रापणकराच्या घरातला एक मुलगा आला. त्याच्या हातात चढाईपटूचा घोटा सापडला की पंचांच्या शिट्टीची वाट पाहण्यापलीकडे कुणाला काही काम उरत नसे. लहानपणापासून दोर ओढून घडलेले शरीर. याला वेगळ्या व्यायामाची गरज नाही, असे मी परस्पर ठरवून टाकले. पहिल्याच सामन्यात, परत फिरणाऱ्या चढाईपटूच्या मागे तो धावला आणि तिसऱ्या पावलाला मांडीची मागची बाजू धरून खाली बसला. "सर, माका काय होवचा नाय," असे म्हणत राहिला, पण त्याला उभे राहता येईना. त्याचा तो हंगाम तिथेच संपला.

संघातला सगळ्यांत बळकट मुलगा सगळ्यांत आधी का मोडला? हा प्रश्न मी निवृत्त होईपर्यंत बाळगला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले आणि मैदानावर जे पडताळून पाहिले, ते इथे मांडतो आहे.

आधी रापण पाहू. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावर आणतात. मग दोन्ही बाजूंनी माणसे दोर धरून, अंग मागे झोकून, वाळूत टाचा रोवत एकेक पाऊल मागे सरतात. हे काम तासन् तास चालते. पंजा, पाठ, कंबर आणि मांडीची पुढची बाजू यांना यापेक्षा चांगली व्यायामशाळा मिळणार नाही. पण या कामात कुणी कधी पळत नाही, अचानक थांबत नाही, झटक्यात दिशा बदलत नाही.

धावणाऱ्या माणसाची नडगी पुढे फेकली जाते, तेव्हा तिला लगाम घालण्याचे काम मांडीच्या मागच्या स्नायूकडे असते. तो त्या क्षणी लांबत असतो आणि लांबता लांबताच जोर लावत असतो. वेगात धावताना हा स्नायू दुखावतो तो बहुधा याच क्षणी. दोर ओढताना हे काम त्याच्या वाट्याला येतच नाही. आमच्या गड्याकडे खेचण्याचे बळ भरपूर होते. लगाम घालण्याचे बळ कुणी शिकवलेच नव्हते. शरीर मागितले तेच देते, न मागितलेले देत नाही. व्यायामशास्त्राचा हा पहिला नियम आहे.

आपल्याकडे याचे मोठे उदाहरण खाशाबा जाधवांचे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा हा विद्यार्थी तांबड्या मातीत तयार झाला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर उतरावे लागले आणि ते सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या प्रवासासाठी प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तिच्याबरोबर हेही सांगायला हवे की मातीतले बळ मॅटवर जसेच्या तसे उतरत नाही. त्याला नव्या जमिनीची सवय करावी लागते.

महाविद्यालयीन खेळाडूचे बळ ठरवून वाढवायचे, त्यासाठी वेगळा प्रशिक्षक नेमायचा, ही पद्धत रुजली ती अमेरिकेत, तिथल्या फुटबॉलमुळे. हा फुटबॉल आपल्या गोव्यातल्यासारखा नाही. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात आणि समोरचे त्याला धरून पाडतात. एक डाव काही सेकंदांत आटोपतो, मग सगळे पुन्हा जागेवर येतात. आपली कबड्डी त्याची लांबची बहीण शोभेल. तीस सेकंदांची चढाई, त्यात दोन-तीन सेकंदांची खरी झटापट, पुन्हा दम घेणे, पुन्हा झटापट, असे वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. म्हणून त्यांचा अनुभव आपल्या कामाचा आहे.

१९६० च्या दशकापर्यंत तिथल्याही बहुतेक प्रशिक्षकांचा समज असा होता की वजने उचलली की खेळाडू जड आणि मंद होतो. नेब्रास्का विद्यापीठात बॉइड एप्ली नावाचा बांबूउडीचा खेळाडू दुखापतीतून सावरण्यासाठी वजने उचलत असे. जायबंदी फुटबॉलपटू त्याच्याबरोबर व्यायाम करू लागले आणि परत आले ते आधीपेक्षा दणकट होऊन. १९६९ मध्ये मुख्य प्रशिक्षक बॉब डेव्हनी यांनी एप्लीला या कामासाठी नेमले. मात्र एकही खेळाडू मंदावला तर नोकरी जाईल, असे बजावून. १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षे नेब्रास्का राष्ट्रीय विजेता ठरला. १९७८ मध्ये एप्लींच्याच पुढाकाराने अशा प्रशिक्षकांची संघटना स्थापन झाली.

या विद्येचे मूळ मात्र रुग्णालयात आहे. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात थॉमस डेलॉर्म हे डॉक्टर जखमी सैनिकांचे पाय पुन्हा उभे करत होते. जेमतेम दहा वेळा उचलता येईल असे वजन शोधायचे. त्याच्या निम्म्या वजनाने दहा वेळा, पाऊण वजनाने दहा वेळा आणि शेवटी पूर्ण वजनाने दहा वेळा व्यायाम करायचा. ते सोपे वाटू लागले की वजन थोडे वाढवायचे. १९४८ पर्यंत स्थिरावलेली ही रीत आजही जगभर वापरली जाते. तिचा गाभा मोजमापात आहे.

आपली परंपरा इथे थोडी वेगळी. बाळंभटदादा देवधरांचा मल्लखांब, औंधच्या पंतप्रतिनिधींनी शाळांत नेलेले सूर्यनमस्कार, १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन हुतूतू आणि मल्लखांब दाखवून आलेले अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, बडोद्याहून निघालेला व्यायाम ज्ञानकोश, हा वारसा लहान नाही. लवचिकता, तोल, श्वास आणि चिकाटी यांत तो कुणालाही शिकवील. पण तालमीत आपण विचारतो, "किती जोर मारलेस?" पाचशे बैठका मारणारा हजारावर गेला की कौतुक होते. आकडा वाढतो, भार तोच राहतो. त्यातून दम वाढतो. झेपेसाठी आणि पकडीसाठी लागणारे बळ एका मर्यादेपुढे वाढत नाही. मीही हीच चूक वर्षानुवर्षे केली.

दुखापतीच्या त्या हंगामानंतर मी एक वही घातली. वजने नव्हती, म्हणून पोत्यांत वाळू भरली आणि मासळीच्या काट्यावर तोलून प्रत्येक पोत्यावर आकडा लिहिला. मग कोकणच्या वर्षाप्रमाणे बेत आखला. जून-जुलैत मासेमारी बंद, मैदानात चिखल. हे दोन महिने व्हरांड्यात बळ कमावण्याचे. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस विश्रांती. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट हुकूम द्यायला शिकते म्हणून. स्नायू भरायला त्याहून वेळ लागतो आणि कंडरा तर त्याच्याही मागून येतात. म्हणून घाई करायची नाही. गणपतीत मुले घरी जाणार आणि मोदक खाणार, हे गृहीत धरायचे. तो विसावाही बेतातच बसवला. त्यानंतर उड्या, झेप, छोट्या धावा आणि मुख्य म्हणजे थांबण्याचा सराव.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी एक साधा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभे राहायचे, सोबत्याने घोटे धरायचे आणि धड ताठ ठेवून सावकाश पुढे झुकायचे. तोल जाईपर्यंत स्वतःला रोखून धरायचे. याला एक पैसा लागत नाही, आणि अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष असा की तो नियमित करणाऱ्या संघांत या स्नायूच्या दुखापती निम्म्यावर येतात. मुलींच्या संघात गुडघ्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते. दिशा बदलण्याच्या खेळांत त्यांचे गुडघ्याचे अस्थिबंध मुलांपेक्षा जास्त तुटतात. उडीनंतर गुडघा आत न वळता खाली कसे यायचे, हे शिकवता येते.

वाळूत पळवावे का, असे पालक हमखास विचारतात. मऊ वाळूत पळायला टणक जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, त्यामुळे दमासाठी ती उत्तम. पण वाळू पाऊल गिळते, उसळी देत नाही. सामना मॅटवर असेल तर शेवटचे आठवडे टणक जमिनीवरच गेले पाहिजेत. आणि पावडरीचे डबे? बळ कमावणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. सत्तर किलोच्या मुलाला ११२ ग्रॅम. शंभर ग्रॅम बांगड्यात वीसेक ग्रॅम असतात. पावसात मासळी नसते तेव्हा अंडी, सुकी मासळी आणि कुळथाची पिठी आहेच.

आता सांगायला अवघड असलेली गोष्ट. त्या आधीच्या एका ऑक्टोबरात संघ सरावाला उशिरा आला, म्हणून मी दुपारी तीन वाजता मैदानाला वीस फेऱ्यांची शिक्षा दिली. पंधराव्या फेरीला एक मुलगा झोकांड्या देऊ लागला आणि असंबद्ध बोलू लागला. आम्ही त्याला सावलीत नेले, तोंडावर पाणी मारले, कांदा हुंगवला. तो सावरला, हे त्याचे आणि माझे नशीब.

नशीब का म्हणतो, ते २०१८ मध्ये कळले. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाचा एकोणीस वर्षांचा फुटबॉलपटू सरावातल्या धावांच्या वेळी उष्माघाताने कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला. पगारी प्रशिक्षक, वैद्यकीय मदतनीस, सगळे हाताशी होते. थंड पाण्यात बुडवण्याचा उपाय तेवढा झाला नाही. विद्यापीठाने पुढे ही चूक जाहीरपणे मान्य केली.

आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम येतो, पण सुकत नाही. आणि घाम सुकल्याशिवाय अंग निवत नाही. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात, म्हणून पहिले दोन आठवडे सराव सकाळी आणि हलका हवा. व्यायामात कुणी बरळू लागला आणि अंग भाजत असेल, तर रुग्णवाहिकेला फोन करायचा आणि ती येईपर्यंत थांबायचे नाही. त्याला मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, डोके एकाने धरायचे. आधी थंड करायचे, मग हलवायचे. आणि पळण्याची शिक्षा कधीच द्यायची नाही. ज्याला शिक्षा म्हणून पळवले, तो थांबण्याची परवानगी मागत नाही, आणि थांबवणाराही कुणी नसतो.

रापणी कमी होत चालल्या आहेत. आज आमच्या गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या बऱ्याच मुलांनी दोर हातात धरलेला नसतो. जे बळ त्यांच्या आजोबांना कामातून फुकट मिळाले, ते आता शिक्षकाने मोजून, हंगाम पाहून घडवायचे आहे. त्यासाठी फार काही लागत नाही: एक वही, तोललेली पोती, विश्रांतीचा दिवस. शेवटच्या काही वर्षांत मी मैदानाच्या कडेला आणखी एक वस्तू ठेवू लागलो, मासळीचा मोठा टब आणि दोन गोणी बर्फ. तो एकदाही वापरावा लागला नाही. रोज संध्याकाळी वितळलेले पाणी माडाच्या आळ्यात ओतताना बरे वाटे. बांगडा टिकावा म्हणून आपण रोज बर्फ विकत घेतो. पोरांसाठीही घेता येतो, हे मला कळायला फार वर्षे लागली.