गडग्यांच्या आधारावर उभे असलेले गाव



बंदरातल्या कामगारांत ज्याचे आयुष्य गेले त्याने युरोपातल्या प्रेक्षणीय स्थळांवर बोलावे, हे आपल्यापैकी काहींना चमत्कारिक वाटेल. माझे शाळेतले शिक्षण नववीला संपले. पुढचे जे काही झाले ते संघटनेच्या कचेरीतल्या दोन कपाटांच्या ग्रंथालयात. पण काही वर्षांपूर्वी कामगारांचा एक प्रतिनिधी म्हणून मला इटलीतल्या जेनोवा बंदरात जाण्याचा योग आला. काम आटोपल्यावर तीन दिवस हातात उरले, तेव्हा तिथल्या गोदी कामगारांनी मला आगगाडीत बसवून दिले आणि सांगितले, ‘‘व्हेर्नात्सा पाहा. पण नुसते घाटावर बसून परत येऊ नका, वर चढा.’’ त्या चढण्यातून जे कळले ते आज आपल्यापुढे मांडतो.

प्रथम जागा समजून घेऊ. जेनोवाच्या आग्नेयेस, ला स्पेत्सिया या आरमारी शहराच्या अलीकडे, लिगुरियाचा डोंगर सरळ भूमध्य समुद्रात उतरतो. त्या उतारावर पाच जुनी गावे आहेत: मोंतेरोस्सो, व्हेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. या मुलखाला ‘चिंक्वे तेर्रे’ म्हणजे ‘पाच भूमी’ म्हणतात. गावे मध्ययुगीन आहेत. व्हेर्नात्साच्या बंदरालगतचे सांता मार्गेरिताचे चर्च १३१८ सालचे आणि मानारोलाचे सान लोरेन्झो १३३८ सालचे. १८७४ साली जेनोवा ते ला स्पेत्सिया हा लोहमार्ग येथून गेला. त्यापूर्वी येथे यायचे तर होडीने, नाहीतर खेचरांच्या वाटेने. आज एका गावाहून दुसऱ्या गावाला गाडी काही मिनिटांत पोचवते. मात्र ती जवळजवळ सर्व वेळ बोगद्यात असते. गाडीतून गावे गाठता येतात, मुलूख दिसत नाही.

व्हेर्नात्साला लहानसे का होईना, नैसर्गिक बंदर आहे, आणि तेच त्याच्या जुन्या भरभराटीचे कारण. समुद्राकडच्या खडकावर दोरिया किल्ल्याचा गोल बुरूज आहे. चाच्यांवर नजर ठेवण्यासाठी असे बुरूज या किनाऱ्यावर जागोजाग बांधले गेले. बुरुजावर चढले की उंच अरुंद घरे, त्यांच्यामधून वर जाणारी एकच मुख्य गल्ली आणि मागे डोंगर असा सारा देखावा एका नजरेत मावतो.

शेजारच्या गावांची तऱ्हा वेगळी आहे. मोंतेरोस्सोला वाळूचा खरा समुद्रकिनारा आहे, तसा इतर चार गावांना नाही. लिंबे आणि खारवलेले लहान मासे यांसाठी ते प्रसिद्ध. १९७५ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते कवी एउजेनिओ मोंताले लहानपणी उन्हाळ्यात तेथेच राहात. कोर्निल्या समुद्रापासून सुमारे शंभर मीटर उंच कड्यावर आहे. त्यामुळे किनाऱ्याने फिरणारी प्रवासी होडी बाकी गावांना थांबते, तिथे थांबत नाही. स्टेशनावरून गावात जायला पावणेचारशेंहून अधिक पायऱ्यांचा जिना आहे. ज्यांचे गुडघे धड नाहीत त्यांनी स्टेशनाबाहेरची लहान बस पकडावी. मानारोलाला वाळू नाही, पण खडकांमधल्या खोल पाण्यात तिथली पोरे सुखाने सूर मारतात.

आता पायवाटा. मोंतेरोस्सोहून व्हेर्नात्साला जाणारी वाट तीन-साडेतीन किलोमीटरांची. पण चढउतार आणि दगडी पायऱ्या इतक्या, की पावणेदोन-दोन तास धरावेत. व्हेर्नात्साहून कोर्निल्याला साधारण दीड तास लागतो. या दोन टप्प्यांसाठी राष्ट्रीय उद्यानाचे कार्ड विकत घ्यावे लागते. ज्यांना दम आहे त्यांनी कोर्निल्याहून वर चढून वोलास्त्रा वाडीमार्गे मानारोलाला उतरावे. ही वाट द्राक्षमळ्यांच्या बांधावरून जाते. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर हे महिने चांगले. भर उन्हाळ्यात ऊन आणि गर्दी दोन्ही सोसवत नाहीत. वादळी पावसाचा इशारा मिळाला तर वाटा बंद करतात, तेव्हा हुज्जत घालू नये. पायांत घट्ट बूट हवेत. चपला घालून वाटेवर येणाऱ्यांना दंड करण्याचा नियम २०१९ पासून आहे.

व्हेर्नात्सावरच्या अशाच वाटेवर मला साठी ओलांडलेला एक शेतकरी भिंत रचताना भेटला. आमच्या कोकणात जिला गडगा म्हणतात, तशीच ती भिंत: नुसता दगडावर दगड, चुना नाही, सिमेंट नाही. बरोबरच्या तरुणाने दुभाषाचे काम केले. मी विचारले, ‘‘दादा, सिमेंट का घालत नाही? एकदाच काम होईल.’’ तो हसला आणि म्हणाला, ‘‘मग पाणी कुठून जाईल?’’

या प्रश्नातच साऱ्या मुलखाचे शास्त्र आहे. येथला डोंगर इतका उभा की त्यावर माती ठरत नाही. म्हणून सुमारे हजार वर्षे पिढ्यान् पिढ्या लोकांनी उतारावर आडव्या भिंती घातल्या, मागे दगडांच्या कपच्यांचा थर दिला, त्यावर माती भरली आणि त्या अरुंद पायऱ्यांवर द्राक्षे, ऑलिव्ह, लिंबे लावली. पावसाचे पाणी मातीत मुरते, कपच्यांतून झिरपते आणि भिंतीच्या फटींतून सावकाश बाहेर पडते. फटी बुजवल्या तर पाणी आत कोंडते, आणि कोंडलेल्या पाण्याचा दाब पक्क्या भिंतीलाही ढकलून देतो. मात्र फटींच्या भिंतीला देखरेख लागते. एखादा दगड सरकतो, भिंतीला पोट येते. तेव्हाच तेवढा भाग उतरवून पुन्हा रचला तर एका दिवसाचे काम. तसाच ठेवला तर भिंत ढासळते, आणि तिची माती खालच्या भिंतीवर पडून तिलाही घेऊन जाते.

ही देखरेख का थांबली, हे आमच्यासारख्यांना सांगावे लागत नाही. १८६०च्या दशकात ला स्पेत्सियाला आरमाराचा मोठा कारखाना उभा राहिला, मग आगगाडी आली. दगड आणि द्राक्षांच्या टोपल्या वाहून जे पोट भरत नव्हते, ते कारखान्यातल्या पगारावर भरू लागले. तरुण गेले. कोकणातला चाकरमानी मुंबईला गेला त्यात आणि यात मला फरक दिसला नाही. गेलेल्याला दोष देता येत नाही. पण पायऱ्या ओस पडल्या, त्यांवर झुडपे माजली आणि भिंती फुटू लागल्या.

याचे बिल एके दिवशी आले. २५ ऑक्टोबर २०११ रोजी या भागावर भयंकर पाऊस कोसळला. जवळच्या ब्रुन्यातो गावी एका दिवसात ५०० मिलिमीटरहून अधिक नोंद झाली. डोंगरावरची माती आणि दगड घेऊन पाणी खाली आले. व्हेर्नात्सातला ओढा मुख्य गल्लीखालून बंदिस्त नेलेला आहे; त्याच्या पोटात ते मावले नाही. गल्लीत पुरुषाच्या उंचीच्या वर चिखल साचला. व्हेर्नात्सात तिघे मृत्युमुखी पडले. मोंतेरोस्सोचीही दैना झाली. इतक्या पावसापुढे चांगल्या भिंतीही काही ठिकाणी टिकल्या नसत्या, हे खरे. पण ओस पायऱ्या सुटतात तेव्हा त्यांची माती गावाच्याच डोक्यावर येते, हा धडा लोकांनी घेतला. गावकऱ्यांनी फावडी घेऊन गाव पुन्हा उपसून काढले.

रिओमाज्जोरे आणि मानारोला यांना जोडणारी, कड्यात कोरलेली ‘प्रेमाची वाट’ जगप्रसिद्ध आहे. प्रेमिकांची नावे तिच्यावर लिहिलेली असतात, पण ती कोणी आणि कशासाठी केली हे फारसे कोणी विचारत नाही. १९२०च्या दशकात लोहमार्गाच्या कामासाठी लागणारी सुरुंगाची दारू गावापासून दूर ठेवायची होती. तिथे जाण्यायेण्यासाठी कामगारांनी खडक फोडून ही वाट काढली. २०१२च्या सप्टेंबरात दरड कोसळून चार प्रवासी जखमी झाले आणि वाट बंद पडली. जाळ्या व खिळे ठोकून कडा बांधल्यावर २०२४ साली ती पुन्हा उघडली. आता ठरावीक वेळेचे तिकीट काढून जावे लागते. रिओमाज्जोरेमध्ये चित्रकार सिल्व्हिओ बेनेदेत्तो यांनी भिंतींवर रंगवलेली दगड वाहणाऱ्या शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची चित्रे आहेत, तीही जरूर पाहावीत.

१९९७ साली युनेस्कोने हा मुलूख जागतिक वारसा ठरविला, १९९९ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१८ साली कोरड्या दगडी भिंती रचण्याची कला इटलीसह आठ देशांच्या नावे युनेस्कोच्या वारसा यादीत आली. सन्मान झाला, चांगले झाले. पण सन्मानाने भिंत उभी राहात नाही. त्यासाठी दगड उचलणारा हात लागतो, आणि त्या हाताला पोटापुरती मजुरी लागते. दरवर्षी येणारे लाखो प्रवासी ज्या देखाव्याचे छायाचित्र घेतात, त्याची डागडुजी मूठभर म्हातारे शेतकरी करीत आहेत. देखावा सर्वांचा, आणि खर्च त्याचा एकट्याचा! हा हिशेब बरोबर नाही.

म्हणून तिकडे जाणाऱ्यांना माझी विनंती एवढीच. पायवाटेचे कार्ड कुरकुर न करता घ्या. तो पैसा वाटांच्या देखभालीला लागतो. भिंतीवर चढू नका, तिच्यावर बसू नका. मुक्काम गावातच करा, आणि डोंगरावरच्या मळ्यातली द्राक्षे, ऑलिव्हचे तेल, लिंबे थेट शेतकऱ्याकडून विकत घ्या. त्या शेतकऱ्याने मला एक दगड बसवू दिला. मी तो तीनदा चुकीचा लावला. चौथ्यांदा त्याने माझा हात धरून दगड फिरवला आणि तो जागी बसला. तेवढ्याने माझी पाठ दोन दिवस दुखत होती. तो माणूस हे काम पन्नास वर्षे करीत होता.