आधी काय वाहिलं ते विचारा

जुना छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, किंवा मारुती ईको कार्गो बघायला गेलेला माणूस आधी मीटर बघतो आणि किलोमीटर कमी दिसले की खूश होतो. सोबत मुरलेला मेस्त्री असेल तर तो थेट हौद्यात चढतो, मग गाडीखाली शिरतो. गाडी किती पळाली यापेक्षा तिने आजवर काय वाहिलं, हे त्याला हवं असतं.

मासळीची गाडी खाऱ्या पाण्याने खालून खाल्लेली असते. पाण्याचे जार पोचवणाऱ्या गाडीत हौद्याचा पत्रा सतत ओला राहून सडतो, वरून नवा रंग मारला तरी कोपऱ्यात बोटाने दाबलं की कळतं. विटा-वाळू ओढलेल्या गाडीच्या चासीवर वेल्डिंगचे डाग सापडतात. बेकरीचा माल हलका खरा, पण दर दुकानापुढे थांबून थांबून क्लच प्लेट झिजते आणि बंद व्हॅन असेल तर सरकत्या दाराचे रोलरही. त्या मानाने मंडप-डेकोरेशनवाल्याची गाडी बरी. लग्नसराई सोडली तर ती बरेच दिवस दारातच उभी असते.

टाटा एस २००५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिचं दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन अवघ्या १६ अश्वशक्तीचं होतं आणि भार ठरला होता साधारण पाऊण टनाचा. कित्येक मालकांनी त्याच गाडीवर याहून पुष्कळ जास्त माल लादला. मागच्या पाट्यांत कंपनीच्या मापाबाहेरचा जादा पाटा घातलेला दिसला, तर मालकाने तोंडाने काहीही सांगो, गाडीने साक्ष दिलेली असते.

इंजिन तपासायचं तर गाडी थंड असताना. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी यावं. एस काय, ईको काय, दोन्हींचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलायला सांगण्यात संकोच नको. इंजिन चालू ठेवून ऑइल टाकायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि धूर भकाभका बाहेर आला, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टन-रिंगांचं काम निघणार. तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा किंवा नमस्कार करून निघावं. सीएनजी गाडी असेल तर टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी लागते. शेवटची कधी झाली, हे तिच्या प्रमाणपत्रावर पाहावं.

फसगत यंत्रापेक्षा कागदात जास्त होते. आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तिची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देऊ नये. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. थकलेली चलनं, विमा आणि पासिंगची तारीख एम-परिवहन ॲपवर दिसते. आठ वर्षांपर्यंतच्या माल-गाडीचं पासिंग दोन वर्षांनी होतं, त्यापुढे दरवर्षी. म्हणून साडेसात वर्षांची गाडी स्वस्तात मिळाली तरी पुढचा हिशोब डोक्यात ठेवावा लागतो. दिलासाही आहे: मालासह एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला वेगळं परमिट लागत नाही. हलक्या वाहनाच्या साध्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची अशी गाडी चालवता येते, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं.

गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअर आणि डिफरन्शियल तिन्हींचं ऑइल बदलून घ्यावं. आधीच्या मालकाने कधी बदललं, या उत्तरावर विसंबण्यात अर्थ नसतो. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी न घालता कूलंट घालावं. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला आणि पाट्यांना ग्रीस द्यायला लोक हमखास विसरतात; पावसाळा संपला की तर ते लगेच करावं. टायरची हवा भार पाहून ठेवावी.

आणि डिझेल वाचवायचा तो जुना उद्योग, घाट उतरताना गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याचा, भरल्या गाडीत तरी करू नये. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीनदा पाय दाबताच संपते, ब्रेक जड होतो आणि उतारावर गिअरचा अडसरही उरत नाही.